अंजिराचे रानरोप परभणीत का सापडत नाही

जिंतूर तालुक्यातले चारठाणा असो की सेलू तालुक्यातले वालूर, जुन्या बांधकामाची डागडुजी काढली की एक काम ठरलेलेच असते: चिऱ्यांच्या सांध्यांत रुजलेले उंबर, वड, पिंपळ काढणे. पाखरे फळ खातात, विष्ठेतून बी पडते आणि मूठभर माती नसलेल्या जागीही झाड उभे राहते. याच कुळातला अंजीर मात्र मराठवाड्यात आपणहून उगवत नाही. दौलताबादेत असो वा पुरंदरला, तो छाट कलमाने किंवा गुटीनेच वाढवला जातो. म्हणजे जुन्या झाडाची फांदी हेच नवे झाड. बीपासून उगवलेल्या झाडाची ही उणीव वरवर किरकोळ वाटते. माझ्या मते आपल्याकडच्या अंजिराचा सारा इतिहास तिनेच आखडून टाकला आहे.

कारण एका चिलटाएवढ्या माशीत आहे. उंबराचे फळ फोडले की आतून बारीक किडे उडतात. त्यांतल्या एका जातीच्या माद्या परागकण घेऊन कोवळ्या फळात शिरतात, म्हणून उंबराचे बी सकस होते. अंजिराची माशी वेगळी. ती भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशातली, आणि तिला वाढायला अंजिराचे नरझाड लागते. आपला पुना अंजीर परागाशिवायच फळ धरणारा आहे. शेतकऱ्याला ते सोयीचेच, कारण नरझाडाला जागा द्यावी लागत नाही. पण त्यामुळे दाताखाली जे बी कुरकुरते त्यात गर्भ नसतो. ते पेरा, पाखरांना खाऊ घाला, उगवणार नाही.

याचा परिणाम पाहायला परभणीइतकी चांगली जागा नाही. निजामाच्या राज्यात 1918 साली इथे सरकारी प्रयोगक्षेत्र सुरू झाले. 1972 मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आज त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. या विद्यापीठाच्या फळांच्या वाणांची यादी चाळली की एक गोष्ट ध्यानात येते. ‘धारूर-6’ हे सीताफळ बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातले. तिथे सीताफळाची झाडे बीपासून वाटेल तशी उगवतात आणि दोन झाडांची फळे सारखी नसतात. ‘प्रतिष्ठान’ ही चिंचही बांधावरच्या वैविध्यातून निवडलेली. निसर्गाने असंख्य झाडे उगवून ठेवली, संशोधकांनी त्यांतले उत्तम ओळखले. भेंडीत तर त्याहून पुढची मजल मारली: 1985 च्या सुमारास आलेली ‘परभणी क्रांती’ ही पुसा सावनी आणि एका रानटी भेंडीच्या संकरातून निघाली, आणि केवडा रोगाला दाद न देण्याचा गुण तिने त्या रानटी नातलगाकडून उचलला. अंजिरात यांतला एकही रस्ता मोकळा नव्हता. ‘दिनकर’ हा वाण चांगलाच आहे, पण तो दौलताबादच्याच अंजिरातून निवडलेला. फांदीपासून फांदी वाढवताना क्वचित एखादा बदल होतो, तेवढ्यातच निवड करायची.

कोणी म्हणेल, दोष बियांचा नसून हवेचा आहे. भारी काळ्या रानात आणि पावसाळ्याच्या दमटपणात अंजिराचे रोप तसेही जगले नसते. यात तथ्य आहे. उंबर इथलाच, अंजीर पाहुणा. पण हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो. पावसाळ्यात अंजिराची पाने तांबेऱ्याने झडतात. हजार भिन्न रोपे या पावसात उभी राहिली असती तर नव्वद टक्के मेली असती असे धरू, आणि उरलेल्यांतच आपल्याला हवे ते सापडले असते. एकाच झाडाच्या लाखो फांद्या लावल्या तर त्या रोगासमोर सारख्याच हतबल ठरतात. फवारणी हा त्यावरचा खर्च आहे, उत्तर नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मग माशी आणायची का? कॅलिफोर्नियात ती आणली. 1880 च्या दशकात तिथे लावलेल्या स्मिर्ना अंजिराची फळे परागाअभावी पिकण्याआधीच गळत होती. 1899 मध्ये फ्रेस्नोजवळ जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत माशी स्थिरावली आणि फळे टिकू लागली. पुढे नदीकाठी अंजिराची रानरोपेही उगवली, इतकी की काही ठिकाणी ती आता तण ठरली आहेत. शिवाय ही माशी एका फळातून दुसऱ्यात बुरशी नेते. परका कीटक मोकळा सोडायला माझा विरोधच राहील. पण माशी न सोडताही बी मिळते. कॅलिफोर्निया विद्यापीठात आयरा कॉन्डिट यांनी संकर करताना नरझाडाचे पराग माणसाच्या हाताने फळात घातले. 1950 च्या दशकातला ‘कोनाड्रिया’ हा वाण त्याच कामातून आला. वेळ लागतो, निम्मी रोपे नर निघतात आणि फळ दिसायला काही वर्षे थांबावे लागते, हे खरे. रानटी नातलगाकडून भेंडी सुधारून घेणाऱ्या परभणीने बंदिस्त जागेत चार नरझाडे लावून हे काम अंगावर घ्यावे.