फेंटनची जांभळी छटा

हिराकस म्हणजे शाईचें द्रव्य, एवढीच आमच्या जुन्या पिढ्यांची त्याच्याशीं ओळख. परंतु १८७६ सालीं केंब्रिज येथें हेन्री फेंटन नामक तरुणानें, चिंचेंत सांपडणारें टार्टारिक आम्ल, लोहाचा असाच क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड हीं एकत्र करून त्यांत अल्क घातला असतां उठणाऱ्या सुंदर जांभळ्या रंगाची नोंद छापली. दुसरा कोणी पात्र धुऊन मोकळा झाला असता. फेंटननें तो धागा सोडला नाहीं. १८९४ सालच्या सविस्तर निबंधांत त्यानें दाखविलें कीं, लोहाचा अल्प अंशही पुरतो. तें केवळ उत्प्रेरकाचें काम करितें.

हें घडतें कसें, याची उपपत्ति हाबर व वाइस यांनीं १९३४ सालीं मांडली. पेरॉक्साइड फुटून हायड्रॉक्सिल नांवाचा अत्यंत अल्पायुषी मूलक निर्माण होतो व जवळच्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. फेंटन १९२९ सालींच वारला होता. हाबरही त्याच १९३४ सालीं गेला.

पुढें कारखान्यांच्या सांडपाण्यांतील जे रंग व जीं विषें जंतूंस पचत नाहींत, तीं मोडण्यास ही क्रिया उपयोगीं पडली. मात्र तींत एक खोड आहे, आणि ती लहान नव्हे. पाणी चांगलें आंबट असावें लागतें. मागाहून तो आंबटपणा मारतांना लोह तांबूस गाळ होऊन तळाशीं बसतें. एक घाण काढावी आणि दुसरी उपसावी, असा हा व्यवहार!

२००७ सालीं बीजिंगच्या यान शियुन व त्यांच्या सहकाऱ्यांस आढळलें कीं, निष्क्रिय समजले जाणारे मॅग्नेटाइट या चुंबकी लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म कण पेरॉक्साइडच्या सान्निध्यांत रंगहीन द्रव्यास निळें करितात. पुन्हां एक रंगच! नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश. त्या मापाचे कण जितके लहान, तितका तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग अधिक आणि काम जलद. शिवाय लोह घन कणांतच राहिल्यानें गाळ कमी होतो व काम आटोपल्यावर लोहचुंबकानें कण गोळा करितां येतात.

तथापि आम्ही आमचा उत्साह आवरता घेतों. हे कण एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे बनतात. आंबट पाण्यांत ते थोडे विरतातही. मग घडलें तें पृष्ठभागामुळें कीं सुटलेल्या लोहामुळें, हें प्रत्येक प्रयोगांत निराळें सिद्ध करावें लागतें. रंग गेला तरी मोडलेल्या रेणूंचे तुकडे पाण्यांत उरूं शकतात. म्हणून पाणी नितळ दिसल्यावरही त्यांतील सेंद्रिय कर्ब मोजून पाहावा लागतो.