मॅलरी-वाइस विदर

अन्ननलिका जठराला मिळते तेथे आतल्या श्लेष्मल आवरणाला पडणारी उभी चीर. जी. केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस यांनी १९२९ मध्ये बॉस्टन येथे अतिमद्यपानानंतर रक्ताची उलटी झालेल्या रुग्णांवरून तिचे वर्णन केले. त्यामुळे हा दारुड्यांचाच आजार असा समज रुजला. तो खरा नाही. गरोदरपणातील वांत्या किंवा खोकल्याची जोराची उबळही पुरते. उमासे येताना जठरातील दाब एकाएकी वाढतो आणि हा सांधा ताणला जाऊन उसवतो. जठराचा भाग मध्यपटलातून छातीत सरकलेला असल्यास धोका अधिक.

पहिल्या उलट्यांत बहुधा अन्नच पडते, मग लालभडक रक्त. पुढे शौचाला काळे, चिकट होते. काही वेळा पहिल्याच उलटीत रक्त असते. निदान एंडोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने आत पाहून, होते. बहुतेकांचा रक्तस्राव आपोआप थांबतो आणि चीर काही दिवसांत भरून येते. न थांबल्यास दुर्बिणीतूनच अॅड्रेनालिनचे इंजेक्शन देतात, क्लिप किंवा रबरी बँड लावतात.

अन्ननलिकेची भिंत आरपार फाटणे हा निराळा, प्राणघातक प्रकार. डच वैद्य हेर्मान बूरहाव्ह यांनी १७२४ मध्ये त्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांचा रुग्ण नौदलाचा अॅडमिरल होता. या प्रकारात छातीत असह्य कळ येते आणि तातडीचे उपचार, बहुधा शस्त्रक्रिया, लागतात.