एमए राज्यशास्त्र : जागतिक राजकारण आणि संशोधन पद्धती

बी.ए. झालेल्या मुलींचे अब्बा आम्हाला विचारतात, "सर, राज्यशास्त्रात एमए म्हणजे नुसतं पाठांतरच ना?" तसं आता राहिलेलं नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे, 2023-24 पासून राज्यातील विद्यापीठांत एमएच्या पहिल्या सत्रात संशोधन पद्धती हा 4 श्रेयांकांचा सक्तीचा विषय आहे. पुढे तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्यात 6 श्रेयांकांचा शोधप्रकल्प. म्हणजे 88 पैकी 14 श्रेयांक संशोधनाचेच.

जागतिक राजकारण दूरचं वाटतं, पण विषय घरासमोर आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयात शुल्क लावलं. त्याच महिन्यात केंद्राने कापसावरचं आपलं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. जिंतूरच्या कापसाच्या भावावर याचा काय परिणाम झाला? बाजार समितीतले आधीचे-नंतरचे भाव उतरवा, शेतकऱ्यांशी बोला. मात्र भाव पडला म्हणजे कारण शुल्कच, असं लगेच लिहू नका. पाऊस, आवक, परदेशातला दरही तपासावा लागतो. संशोधन पद्धती ती हीच.

झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणणारेही आम्ही पाहिलेत. पास होतात. पुढे नेटच्या पहिल्या पेपरात, 10 घटकांपैकी संशोधनाच्या घटकावर अडतात.