वऱ्हाडांतील विद्यार्थी आणि कॉलेजशिक्षणाचा जमाखर्च
(इ. स. १८५७ ते १९२३)

बुलढाणा जिल्ह्यांतील बीबी हें गांव मेहकराहून सिंदखेड राजास जाणाऱ्या वाटेवर आहे. या टापूंत जुन्या कागदांचा शोध करणारे संशोधक बहुधा सिंदखेडच्या जाधवांच्या सनदा, देशमुखी-देशपांडेपणाचे महजर किंवा लोणार येथील देवालयांचे लेख यांच्या मागें असतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या रुमालांत महजर सांपडतात, त्यांच्याच तळाशीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील घरखर्चाच्या वह्या, मनिऑर्डरींच्या पावत्या आणि परगांवीं शिकणाऱ्या मुलांचीं पत्रें असण्याचा संभव असतो. अलीकडील म्हणून तीं सहज रद्दींत जातात. हे कागद इतिहासाचीं साधनें कां मानावीं, हें प्रस्तुत टिपणांत थोडक्यांत दाखविण्याचें योजिलें आहे.

विद्येसाठीं घर सोडणें आपल्याकडे नवें नव्हतें. तळेगांवच्या दाभाड्यांनीं चालविलेली श्रावणमासाची दक्षिणा पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालू ठेविली. तींत विद्वानांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें रक्कम मिळे. दूरच्या शास्त्र्यास वाटखर्च किती आणि प्राप्ति किती, हा विचार तेव्हांही करावा लागेच. मात्र ही व्यवस्था ब्राह्मणांपुरतीच होती. इंग्रजी अमलांत इ. स. १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. तिचेंच रूपांतर होत होत पुढें डेक्कन कॉलेज झालें, आणि दक्षिणेच्या निधींतील कांहीं भाग फेलोशिपांकडे वळला. परीक्षा आणि द्रव्य यांची जुनी सांगड अशा रीतीनें नव्या विद्येंतही टिकली.

मुंबई विद्यापीठ इ. स. १८५७ मध्यें स्थापन झालें. तेथील पहिले बी. ए. इ. स. १८६२ मध्यें चारच होते: रानडे, भांडारकर, वागळे व मोडक. यावरून वाट किती अरुंद होती हें दिसतें. प्रवेशाचें पहिलें दार मॅट्रिकची परीक्षा हें होतें. तीं उतरलेल्यास पुढचें दार पैशाचें असे. वऱ्हाड प्रांत इ. स. १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, तरी अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघण्यास इ. स. १९२३ साल उजाडावें लागलें. म्हणजे सत्तर वर्षें वऱ्हाडच्या मुलास बी. ए. व्हावयाचें तर प्रांत सोडणें प्राप्त होतें.

बीबीसारख्या बालाघाटावरील गांवाहून हें प्रस्थान कसें होई, तें पाहूं. मुंबई-नागपूर लोहमार्ग इ. स. १८६७ मध्यें पुरा झाला, पण तो पयानघाटांतून, अकोल्यावरून गेला. खामगांवचा फांटा इ. स. १८७० मध्यें कापसाच्या बाजारासाठीं झाला. मेहकर परगण्याच्या मुलास प्रथम बैलगाडीनें घाट उतरावा लागे. दौंड-मनमाड मार्ग इ. स. १८७८ चा, तत्पूर्वीं रेल्वेनें पुण्यास जाणें म्हणजे कल्याणवरून वळसा घेणें होय. गाडीभाडें, फी, पुस्तकें, बिऱ्हाड आणि जेवण इतकीं खर्चाचीं कलमें उघड दिसतात. घरचा एक कर्ता हात कमी होई, हें कलम मात्र वहींत लिहिलेलें नसे. पीक आणि कापसाचा भाव यांवर ज्यांचें घर चाले, त्यांना कित्येक वर्षांचा हा खर्च आगाऊ अंगावर घेणें म्हणजे तितक्याच हंगामांचा भरंवसा धरणें होतें.

शिवाय कोठें जावें हाही प्रश्न होताच. दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून इ. स. १८७७ मध्यें बी. ए. झाले. नागपुरास हिस्लॉप कॉलेज इ. स. १८८३ मध्यें व मॉरिस कॉलेज इ. स. १८८५ मध्यें निघालें. नागपूर जवळचें खरें, पण तेथील कॉलेजें आरंभीं कलकत्ता विद्यापीठास जोडलेलीं होतीं. तेव्हां कॉलेज निवडतांना विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि पुढील ओळखीपाळखी यांचीही निवड होऊन जाई. जवळचें स्वस्त कीं दूरचें नामांकित, हा पेंच घरोघरीं पडत असला पाहिजे.

या हिशेबाचें सर्वांत बोलकें उदाहरण गोपाळ गणेश आगरकरांचें होय. त्यांचा जन्म इ. स. १८५६ मध्यें कऱ्हाडाजवळील टेंभू येथें झाला. गरिबीमुळें कोठें कारकुनी, कोठें कंपाउंडरी करीत ते नातलगांच्या आश्रयास अकोल्यास आले आणि इ. स. १८७५ मध्यें तेथूनच मॅट्रिक झाले. ‘वऱ्हाड समाचार’ पत्रांत त्यांनीं लेखन केलें. शिक्षक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं त्यांस द्रव्यसाह्य केलें. त्या बळावर ते डेक्कन कॉलेजांत गेले. तेथें एकच सदरा रात्रीं धुऊन सकाळीं घालीत, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. इ. स. १८७८ मध्यें ते बी. ए. झाले व पुढें एम. ए. झाले. बुद्धि त्यांची स्वतःची. पण अकोल्यास महाजनी नसते तर ती बुद्धि कोठें थांबली असती, हें सांगवत नाहीं.

ज्यानें हा खर्च असा सोसला, त्यानें तो पुढील पिढीसाठीं हलका करण्यास आयुष्य वेंचलें. डेक्कन एज्युकेशन सोसायटी इ. स. १८८४ मध्यें व फर्ग्युसन कॉलेज इ. स. १८८५ मध्यें स्थापन झालें. तेथील आजीव सभासद दरमहा पंचाहत्तर रुपयांवर वीस वर्षें सेवा पत्करीत. विद्यार्थ्याच्या खर्चाचा एक भाग शिक्षकानें आपल्या पगारांतून उचलला, असा याचा अर्थ होतो. आगरकर त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल असतांनाच इ. स. १८९५ मध्यें वारले.

आगरकरांची हकीकत आपणांस कळते, कारण ते पार पडले. ज्यांचा हिशेब जुळला नाहीं, जे मॅट्रिक होऊनही घाट उतरले नाहींत, किंवा पहिल्याच वर्षीं पैसे संपून परतले, त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. त्यांची साक्ष मिळाली तर वह्यांतूनच मिळेल. “चिरंजीवाकडे पुण्यास” असें एखादें खर्चाचें कलम, त्याच सालचा कर्जरोखा अथवा गहाणखत, आणि पुढच्या सालीं तें कलम अकस्मात् बंद पडलेलें, एवढ्यावरूनही एका घराचा निर्णय वाचतां येतो. पदवीधरांच्या याद्या विद्यापीठाच्या दप्तरीं आहेत. अडून राहिलेल्यांची यादी गांवोगांवच्या दप्तरांतूनच जमवावी लागेल.

यासाठीं मेहकर, लोणार, सिंदखेड व बीबी या बाजूच्या संग्राहकांस विनंति आहे कीं, जुनें दप्तर सोडवितांना इ. स. १८५७ नंतरचे कागद वेगळे काढावे, पण टाकूं नयेत. वहीचें साल, घराण्याचा धंदा, रक्कम कोणत्या गांवीं गेली व ती कोठून उभी केली, एवढी नोंद प्रत्येक वहीवर करून ठेवावी. अशा दहा-वीस वह्या एकत्र आल्या, तर वऱ्हाडांतील नव्या विद्येचा इतिहास पदवीधरांच्या नांवांपुरता न राहतां, ज्या घरांनीं ती विद्या विकत घेतली किंवा घेतां आली नाहीं, त्या घरांचाही होईल.