कातळावरचा गेंडा

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्याच्या सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेल्या कातळशिल्पांत हत्ती, मासे यांच्याबरोबर एकशिंगी गेंडाही आढळतो. कोकणात आज गेंडा नाही. मग कोरणाऱ्याला तो कसा ठाऊक?

केवळ चित्रावरून गेंडा येथे राहत होता असे म्हणता येणार नाही. त्याला इतर पुराव्यांची जोड हवी. गुजरातमधील लांघणज येथील मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याची हाडे मिळाली आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या, सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या धातूच्या मूर्तींतही गेंडा आहे. म्हणजे पश्चिम भारताला हा प्राणी परिचित होता. पुढे गवताळ, पाणथळ जमिनी शेतीखाली गेल्या, शिकारही वाढली आणि गेंडा मागे हटत गेला.

विसाव्या शतकाच्या आरंभी आसामातील काझीरंगा त्याच्यासाठी राखले गेले. तेथे १९६६ च्या गणनेत ३६६ गेंडे होते. २०२२ मध्ये २,६१३ भरले. संरक्षणाचा उपयोग होतो, तो असा.

जगातील पाच जातींपैकी जावा गेंडा मात्र इंडोनेशियातील एकाच राष्ट्रीय उद्यानात उरला आहे. उत्तरेकडील पांढऱ्या गेंड्याचा शेवटचा नर २०१८ साली केनियात मेला. ज्या शिंगासाठी गेंडे मारले जातात, ते आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे असते!

मुलांना सड्यावर न्याल तेव्हा त्यांना जरूर विचारा : काझीरंग्यातील गेंड्याचेही उद्या फक्त चित्रच उरावे का?