नवा घोडा, नवा स्वार

नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा हे गाव आहे. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबी जनावरे दूरदूरच्या प्रांतांतून येतात. गिऱ्हाईक भोवरे तपासते, देवमण शोधते, पंचकल्याणी दिसला की जास्त पैसे मोजते. यात्रा दत्ताची, व्यापाऱ्यांत, नालबंदांत मुसलमान पुष्कळ. आम्हा खानदेशकरांना त्यात काही नवल वाटत नाही.

या बाजाराविषयी दरवर्षी छापून येते ते किमतीविषयी. सौदा झाल्यावर काय होते, ते कोणी लिहीत नाही. घोडा नव्या दारी येतो. घरातले चौदा-पंधरा वर्षांचे पोर त्यावर बसणार असते. दोघेही एकमेकांना अनोळखी, दोघेही बिचकलेले. ही भीती काढण्याचेही एक शास्त्र आहे आणि त्याला इतिहास आहे.

आपला मुलूख घोड्यांच्या वाटेवरचाच. सुरत-बुऱ्हाणपूरचा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारला आला होता. महंमद तुघलकाने चीनच्या बादशहाकडे जो नजराणा त्याच्याबरोबर धाडला, त्यात शंभर घोडे होते. पुढे शिवकाळात शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला मात्र पागेतला सरकारी घोडा मिळे. म्हणजे परक्या घोड्याशी जमवून घेणे हा बारगिराच्या पोटापाण्याचा भाग होता. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, हे सभासदाने नोंदवले आहे.

ही विद्या कोणा एकाची नाही. संस्कृतातील शालिहोत्राच्या नावावरूनच जनावरांच्या वैद्याला उर्दूत ‘सालोत्री’ म्हणू लागले. नवव्या शतकात बगदादच्या अब्बासी खलिफाच्या पागेचा प्रमुख इब्न अखी हिझाम याने अरबीत अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. शहाजहानच्या काळात अब्दुल्लाखान फिरोजजंगाने शालिहोत्राचा फारसी तर्जुमा केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस सआदत यार खाँ ‘रंगीन’ या उर्दू शायरानेही फरसनामा लिहिला. आपल्या मराठीतले लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक हे शब्द याच देवघेवीतून आले.

ग्रंथकारांची नावे उरली. पोराला प्रत्यक्ष घोड्यावर बसवणाऱ्या चाबूकस्वाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. नाव चाबकाचे असले, तरी त्याचे खरे हत्यार सबुरी.

पहिले काही दिवस पाठीवर बसायचेच नाही. प्रवासाने थकलेल्या जनावराला आधी नवी जागा, नवे पाणी, नवी माणसे पचू द्यायची. वैरण, पाणी, खरारा, खुरांची सफाई हे सारे पोराच्या हातून करून घ्यायचे. घोड्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात. अगदी नाकापुढचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, आवाज देत जवळ जायचे. मग लगाम धरून पायी चालवायचे. आपण थांबलो की एवढे मोठे जनावर थांबते, हे पोराला जमिनीवरच कळते आणि अर्धी भीती तेथेच जाते.

त्यानंतर कावा. गनिमी काव्यामुळे या शब्दाचा डावपेच हा अर्थ आपल्या ओळखीचा आहे. पण लांब दोर लावून घोड्याला गोल फिरवणे हाही काव्याचाच अर्थ. जाणता माणूस मधोमध उभा राहतो, दोर त्याच्या हाती असतो, पोर पाठीवर. घोडा आवरण्याची काळजी पोराला नसते. त्याने फक्त तोल सांभाळायचा, मांड पक्की करायची. आधी संथ चाल, मग दुडकी. भरधाव सगळ्यात शेवटी. पोराला नीट जमलेल्या गोष्टीवर त्या दिवसाची तालीम संपवायची. डोक्याला शिरस्त्राण आता हवेच. त्यात मर्दुमकीला कमीपणा नाही.

ही सबुरी कशासाठी, याचा पुरावा आता विज्ञानानेही दिला आहे. 2009 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी स्वारांना सांगितले की, घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्यांना कोणी काही सांगितले नव्हते. पाठीवरच्या माणसाची धास्ती खाली पोहोचते, ती अशी.

आज स्वारीची गरज सरली. घोडा उरला तो वरातीपुरता, नाचापुरता, शर्यतीपुरता, हौसेपुरता. हौसेला घाई फार. लाखोंचा घोडा घेणारा बाप पोराला त्याच दिवशी पाठीवर चढवतो, फोटो काढतो. पोर पडले तर घोडा नाठाळ ठरतो आणि पुढच्या यात्रेत पुन्हा विकायला येतो. त्याचा दोष इतकाच की त्याला कोणी आठ दिवस दिले नाहीत.

सारंगखेड्याच्या दावणीला अजूनही जाणती माणसे भेटतात. भाव विचारून झाल्यावर त्यांना एवढेही विचारावे, की पोराला घोड्यावर कधी आणि कसे बसवायचे. ती माणसे सांगतील. त्यांना हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही.