स्तन्यनाश व सौमनस्य : सुश्रुतसंहितेंतील एका वाक्याचा विचार

जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळतांना महजर, ताळेबंद व वंशावळी ह्यांच्या जोडीला एखादें औषधांचें बाड हमखास हातीं लागतें. संग्राहक तें बहुधा बाजूस सारतो. मींही पुष्कळ वर्षें तसेंच केलें. अशाच एका बाडांत बाळंतिणीस दूध येण्याचीं औषधें लिहिलेलीं आढळलीं. शतावरी होती, विदारीकंद होता, लसूण होता. प्रमाणेंही दिलीं होतीं. परंतु ह्याच प्रसंगीं सुश्रुतानें द्रव्यांच्या यादीपूर्वीं जें एक पद योजिलें आहे, त्याचा तेथें मागमूस नव्हता. त्या पदाविषयीं चार शब्द लिहावे, एवढाच हेतु आहे.

शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत स्तन्यनाशाचीं कारणें सांगतांना सुश्रुत क्रोध, शोक व अवात्सल्य हीं तीन नांवानिशीं सांगतो, व बाकीचीं ‘आदि’ शब्दांत गुंडाळतो. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानांत शोक, क्रोध, लंघन व आयास अशीं चार दिलीं आहेत; त्यांत अवात्सल्य नाहीं. हस्तलिखितें वाचणारांनीं येथें सावध असावें. सुश्रुताच्या समासांत ‘शोक’ व ‘अवात्सल्य’ ह्यांचा संधि होऊन नकारवाचक ‘अ’ एका कान्यांत लपतो. तो काना लेखकाच्या हातून गळाला कीं वात्सल्यानेंच दूध आटतें असा विपरीत अर्थ निघेल.

पण काना जागेवर असला तरी खरी अडचण निराळीच आहे. मातेला अपत्याविषयीं माया वाटत नाहीं म्हणून दूध नाहीं, असें म्हटलें कीं लोक तिच्याकडे बोट दाखवितात. सुश्रुताचा हा आशय आहे काय? माझ्या मतें नाहीं, आणि त्यास प्रमाण व्याकरणाचें आहे. उपाय सांगतांना तो म्हणतो कीं क्षीरजननासाठीं सौमनस्य उत्पन्न करून मग यव, गोधूम, शालि, मांसरस इत्यादि द्यावीं. ‘उत्पाद्य’ हें ल्यबन्त रूप प्रयोजक धातूचें आहे. आणि पाणिनीच्या नियमाप्रमाणें असें रूप पूर्वकाल दाखवितें व त्याचा कर्ता मुख्य क्रियेच्या कर्त्याहून भिन्न नसतो. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. सौमनस्य अगोदर, अन्न मागाहून. आणि जो कोणी अन्नाची योजना करणार, मग तो वैद्य असो कीं घरचीं माणसें, त्यानेंच तें सौमनस्य निर्माण करावयाचें आहे. प्रसूतेनें आपलें मन आपण प्रसन्न ठेवावें असा उपदेश ह्या वाक्यांत कोठेंही नाहीं. वर्गांत हा ल्यप् शिकवितांना मीं दरवर्षीं रामाचें गांवास जाणें व फळ खाणें ह्यांचींच उदाहरणें दिलीं, ह्याचें आतां वाईट वाटतें.

निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायांत तोच ग्रंथकार सांगतो कीं अपत्याच्या स्पर्शानें, दर्शनानें, किंबहुना नुसत्या स्मरणानेंही दूध स्रवतें, व त्या स्रवण्यास अखंड स्नेह कारण होय. आपल्या भाषेनें दूध व पान्हा हे दोन शब्द वेगळे ठेविले आहेत तें उगीच नव्हे. पान्हा म्हणजे प्रस्नव, प्राकृतांतला पण्हव. गाय पान्हा चोरते तेव्हां कासेंत दूध असतेंच. १९४८ सालीं अमेरिकेंत नाइल्स न्यूटन व मायकेल न्यूटन ह्या दांपत्यानें ह्याचें प्रत्यक्ष प्रमाण दिलें. पाजणाऱ्या मातेचे पाय बर्फाच्या पाण्यांत बुडवून किंवा तत्सम त्रास देऊन पाहतां बालकास मिळणारें दूध घटलें. तोच त्रास चालू असतां ऑक्सिटोसिन टोंचलें असतां तें पुष्कळसें पूर्ववत् आलें. दूध होतें, उतरत नव्हतें. ज्या मातेवर हा प्रयोग झाला ती स्वतः नाइल्स न्यूटन होती.

चरकाची दृष्टि अधिक गृहस्थी आहे. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत दहा किंवा बारा दिवस सूतिकागृह जागतें ठेवावें, तेथें गीतवाद्य, दान, आशीर्वाद व अन्नपान अखंड असावें, आणि प्रेमळ व आनंदी माणसांची वर्दळ असावी, असें तो सांगतो. आपल्याकडील पांचवीच्या जागरणाचा हेतु रक्षाविधि हाच मानला जातो. पण बाळंतिणीस रात्रीं एकटी पडूं न देणें हा त्याचा गुण काय लहान आहे? प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पांचव्या दिवसांच्या सुमारास पुष्कळ स्त्रियांस अकारण रडूं येतें, हें आज सर्व डॉक्टर जाणतात. एडिंबरो येथें १९८७ सालीं तयार झालेली दहा प्रश्नांची पत्रिका ह्याच्याही पलीकडचें, दीर्घकाळ राहणारें औदासीन्य ओळखण्यासाठीं वापरली जाते.

प्राचीनांचें सर्वच ग्राह्य आहे असें मात्र नव्हे. हृदयस्थ धमनी विवृत झाल्यावर तिसऱ्या-चवथ्या रात्रीं दूध येतें असें मानून सुश्रुतानें आरंभीं मध-तूप सांगितलें, व वाग्भटानेंही दूध तिसऱ्या-चवथ्या दिवशींच येतें असें लिहिलें. चरक मात्र जातकर्मांतील मध-तुपानंतर लगेच उजवा स्तन देण्यास सांगतो. चिकाचें पहिलें दूध अत्यंत हितकर आहे व जन्मानंतर तासाभरांत पाजावें, मध मुळींच देऊं नये, हें आज निर्विवाद आहे. माझ्या आजोळीं तो चीक पिळून टाकीत असत.

धात्रीविषयीं एक शंका मनांतून जात नाहीं. तिच्या लक्षणांत ‘वत्सला’ आहे तसें ‘जीवद्वत्सा’, म्हणजे जिचें स्वतःचें मूल जिवंत आहे, हेंही आहे. त्या मुलानें काय प्यावें? कापूरहोळची धाराऊ संभाजीराजांची दूधआई झाली हें आपण अभिमानानें सांगतों. राजांचा जन्म १६५७ चा. सईबाई १६५९ त निवर्तल्या. धाराऊच्या पुत्रांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत तीं ते राजांचे दूधभाऊ म्हणून. त्या दोन वर्षांत तिच्या मनाची स्थिति काय होती, ह्याची विचारपूस इतिहासानें केलेली नाहीं.

माझ्या थोरल्या बहिणीस पहिल्या बाळंतपणांत दूध आलें नाहीं. महिन्यापूर्वींच आमचे वडील गेले होते. घरांत शतावरी उकळली, दृष्ट काढली, हळिवाची खीर झाली. आणि ‘हिला मायाच नाहीं’ हेंही शब्द तिच्या कानांवर पडले. त्या घरांत संस्कृत जाणणारा मी होतों, आणि सुश्रुत फडताळांत होता.

काश्यपसंहिता नेपाळांत राजगुरु हेमराज शर्मा ह्यांच्या संग्रहांतील एका खंडित ताडपत्री पोथीवरून १९३८ सालीं निर्णयसागरानें छापली. कौमारभृत्याचा एवढा मोठा ग्रंथ एका पोथीच्या आधारानें वांचला. तेव्हां ज्यांच्या संग्रहांत सूतिकोपचाराचीं सुटीं पानें किंवा घरगुती बाडें असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालण्यापूर्वीं दूध येण्याच्या औषधांचें पान काढून पाहावें, आणि यादीच्या आधीं सौमनस्याचा उल्लेख कोठें राहिला असल्यास त्याची नक्कल ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी.